क्वालिटी इंजिनिअरचा इंटरव्ह्यू: व्याख्या येते, उलटप्रश्नाला अडकतो

चाकणकर_मेक

डिप्लोमा मेकॅनिकल. सीएनसी टर्निंगचे पार्ट बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे लाइन इन्स्पेक्शन बघतो. एक वर्ष अप्रेंटिस, त्यानंतर एक वर्ष कंपनी रोलवर. आता टियर-१ मध्ये (वाहन कंपन्यांना थेट माल देणाऱ्या कंपनीत) क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी कॉल येताहेत, पण टेक्निकल राउंडलाच गाडी थांबते. सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती नीट बसते त्याचा आकडा), एफएमईए (काय बिघडू शकतं ते आधीच शोधायची पद्धत), सेव्हन क्यूसी टूल्स, सगळं पाठ आहे. व्याख्या सांगून झाली की समोरचा ‘बरं, मग?’ म्हणतो आणि तिथून पुढे काही सुचत नाही.

उत्तर किती लांब द्यायचं? उलटप्रश्नांची तयारी कशी करायची? ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर नेमकं काय सांगायचं? आणि अप्रेंटिसचं वर्ष अनुभवात धरायचं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा. ‘कॉन्फिडन्स ठेव’ हे ऐकून झालंय.

सिग्मा_सहा

समोरच्या क्वालिटी हेडला व्याख्या ऐकायची नसते, ती त्याला येतेच. उद्या लाइनवर पार्ट नॉट-ओके निघाला तर हा मुलगा काय करील, हे तो तपासत असतो. म्हणून प्रत्येक उत्तरात एक आकडा आणि त्या आकड्यावरून घेतलेला निर्णय हवा.

तुमचाच सीपीके घ्या. ‘प्रोसेस किती सेंटर्ड आहे ते सांगणारा इंडेक्स’ एवढं म्हणून थांबलात तर ‘मग?’ येणारच. त्याऐवजी कागद मागा आणि लिहून दाखवा: व्यास २५ ± ०.०५ मिमी, सरासरी २५.०२, सिग्मा (रीडिंगची पसरण) ०.०१. एकूण टॉलरन्स ०.१०, भागिले सहा सिग्मा म्हणजे ०.०६, सीपी (फक्त पसरण बघणारा आकडा) आला १.६७. वरच्या लिमिटपर्यंत उरलेलं अंतर ०.०३, भागिले तीन सिग्मा म्हणजे ०.०३, सीपीके १.००. आता निर्णय: सीपी चांगला आणि सीपीके पडलेला, म्हणजे मशीनची पसरण ठीक आहे, सेटिंग एका बाजूला सरकलंय. ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) ०.०२ ने कमी केला की सीपीकेसुद्धा १.६७ च्या आसपास येईल. मशीन दुरुस्तीला काढायची गरज नाही. एवढं अर्ध्या-पाऊण मिनिटात होतं. मग गप्प बसा.

हे गप्प बसणं बहुतेकांना जमत नाही. समोरचा दोन सेकंद काही बोलला नाही की उमेदवार घाबरून आणखी काहीतरी जोडतो, आणि जे जोडतो ते कच्चं असतं. पुढचा प्रश्न नेहमी तुमच्या शेवटच्या वाक्यातून निघतो. ‘आमच्याकडे एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर लक्ष), एमएसए (मोजण्याच्या पद्धतीची तपासणी), पीपॅप (पार्टला कस्टमरची मंजुरी) सगळं होतं’ असं म्हणून थांबलात तर त्यातलं सर्वांत कमी येणारं तो नेमकं उचलणार. शेवट अशा गोष्टीवर करा, जिच्यावर पुढे चार प्रश्न आले तरी चालतील.

वरच्या उत्तरावर येणारे उलटप्रश्न ठरलेले आहेत:

ऑफसेट व्यासावर की त्रिज्येवर? बहुतेक टर्निंग सेंटरवर एक्सचा ऑफसेट व्यासावर असतो, पण तुमच्या मशीनवर काय आहे ते ऑपरेटरला विचारूनच जा.

सीपीके किमान १.३३ च का मागतात? कारण सरासरीपासून जवळच्या लिमिटपर्यंत चार सिग्मा बसतात. १.६७ म्हणजे पाच सिग्मा. पीपॅपच्या सुरुवातीच्या स्टडीत १.६७ च्या वर असेल तर सरळ मान्य, १.३३ ते १.६७ मध्ये असेल तर कस्टमरशी बोलावं लागतं, त्याखाली असेल तर नाही.

किती रीडिंगवर काढला? किमान २५ सबग्रुप (एका वेळी सलग घेतलेल्या पीसचे गट) आणि त्यांत मिळून किमान १०० रीडिंग. ‘तीस पीस मोजले’ असं सांगितलं की बरेच जण इथेच पकडतात.

आधी काय बघितलं? कंट्रोल चार्ट (वेळेनुसार रीडिंगचा आलेख). प्रोसेस स्टेबल नसेल तर सीपीकेच्या आकड्याला अर्थ नाही. सलग सात पॉइंट मध्यरेषेच्या एकाच बाजूला आले तर पार्ट ओके असले तरी कारण शोधायचं. इथे कंट्रोल लिमिट आणि स्पेसिफिकेशन लिमिट यांत गल्लत करू नका. पहिली प्रोसेसच्या डेटावरून निघते, दुसरी ड्रॉइंगवरून येते.

रनआउटचा सीपी किती? हा फसवा प्रश्न आहे. रनआउट (फिरताना होणारी डगमग), फ्लॅटनेस (सपाटपणा) यांना एकच बाजू, वरची लिमिट. तिथे सीपी निघत नाही, फक्त वरच्या बाजूचा सीपीके निघतो.

तयारीसाठी दहा विषय वाचण्यापेक्षा तुमच्या लाइनवरचा एकच पार्ट निवडा. त्याचा एक क्रिटिकल डायमेन्शन घ्या आणि त्यावर स्वतःच प्रश्न लिहून काढा. हा डायमेन्शन क्रिटिकल का, असेंब्लीत तो कशात बसतो? कोणत्या इन्स्ट्रुमेंटने मोजतो आणि त्याच का? कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कसं, किती वेळा तपासायचं त्याच्या तक्त्यात) फ्रिक्वेन्सी किती? इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) किती पीसवर बदलतो? एक पीस बाहेर गेला तर मागचे किती पीस तपासायचे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘शेवटच्या ओके चेकपासूनचे सगळे’ असं आहे. ‘मागचे पाच-दहा’ म्हणालात तर संपलं. या एका पार्टवर एसपीसी, एमएसए, एफएमईए, कंट्रोल प्लॅन सगळं बोलता आलं पाहिजे.

एक काळजी घ्या. कस्टमरचं ड्रॉइंग किंवा पार्टचा फोटो मोबाइलवर दाखवू नका. हातानं स्केच काढा, मापं बदलून. आजची गुप्त माहिती दाखवणारा उद्या आमचीही दाखवील, असा सरळ हिशेब समोरचा करतो.

गेज_रूम

वरचं सगळं बरोबर. पण बऱ्याच ठिकाणी टेबलावर मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि एक जॉब ठेवलेला असतो. ‘हे मोज’ म्हणतात आणि रीडिंगपेक्षा तुझ्या हाताकडे बघत असतात. अँव्हिल पुसलं का? झिरो तपासला का? रॅचेटने टेकवलं की थिंबल आवळलं? जॉब दोन-तीन ठिकाणी फिरवून मोजला का? झिरो न बघता रीडिंग सांगितलंस तर ते बरोबर आलं तरी उपयोग नाही.

लीस्ट काउंट (इन्स्ट्रुमेंटवर वाचता येणारं सर्वांत लहान माप) विचारला तर आकड्यासोबत तो कुठून आला तेही सांग. व्हर्निअरवर ४९ मिमीत ५० भाग, म्हणून ०.०२. मायक्रोमीटरचा पिच ०.५, थिंबलवर ५० भाग, म्हणून ०.०१. त्यानंतरचा प्रश्न खरा: २५ एच६ शाफ्ट कशाने मोजशील? (लहान एच, शाफ्टचा. ड्रॉइंगवर नीट बघ.) टॉलरन्स शून्य ते उणे १३ मायक्रॉन. टॉलरन्सच्या दहाव्या भागाचा नियम लावला तर लीस्ट काउंट १.३ मायक्रॉनच्या आत हवा, म्हणजे ०.०१ चा साधा मायक्रोमीटर चालत नाही. ०.००१ चा डिजिटल मायक्रोमीटर, नाहीतर मास्टरवर (माप नक्की माहीत असलेल्या तुकड्यावर) सेट केलेला कंपॅरेटर. ‘मायक्रोमीटर’ एवढाच शब्द बोललास तर निम्मं उत्तर झालं.

मग ते तापमानावर येतात. मोजण्याचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. स्टील मीटरमागे दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा जॉब मशीनवरून २० अंश जास्त गरम निघाला तर तो जवळजवळ ६ मायक्रॉन मोठा दिसतो. १३ च्या टॉलरन्समधले ६ गेले. मशीनवर ओके आणि थंड झाल्यावर अंडरसाइज, ही तक्रार इथून येते.

बोअरला (भोकाला) प्लग गेज म्हणालास तर हे तयार ठेव: २५ एच७ (इथे मोठा एच, बोअरचा) म्हणजे २५.००० ते २५.०२१. गो बाजू २५.००० ची, नो-गो २५.०२१ ची. घाईत लोक उलटं सांगतात. शाफ्टच्या रिंग गेजला गो बाजू वरच्या लिमिटची असते. आणि प्लग गेज फक्त हो किंवा नाही सांगतं, त्यावरून सीपीके काढता येत नाही. त्यासाठी रिंगवर सेट केलेला बोअर गेज किंवा एअर गेज. फिट विचारला तर एच७–जी६ पाठ असू दे: २५ ला जी६ म्हणजे उणे ७ ते उणे २०, म्हणून क्लिअरन्स कमीत कमी ७, जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. कागदावर मांडून दाखव.

एमएसएच्या प्रश्नाला ‘सगळी इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेटेड आहेत’ हे उत्तर नाही. कॅलिब्रेशन मास्टरशी तुलना करतं. गेज आर अँड आर बघतं की तोच माणूस तोच पीस पुन्हा मोजतो तेव्हा आणि माणूस बदलतो तेव्हा रीडिंग किती हलतं. १० पीस, ३ माणसं, ३ वेळा, ९० रीडिंग. १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते ३० मध्ये वापर आणि खर्च बघून, ३० च्या वर नाही. रिपीटेबिलिटी (त्याच माणसाचा फरक) वाईट असेल तर आधी इन्स्ट्रुमेंट आणि फिक्स्चर बघायचं, रिप्रोड्युसिबिलिटी (माणूस बदलल्यावरचा फरक) वाईट असेल तर माणसांची मोजायची पद्धत. ३० च्या वर आलं तर काय चुकलं असेल, असं विचारतात. एक नेहमीचं कारण: दहाही पीस एकाच सेटिंगमधून सलग उचललेले असतात. पीसमध्येच फरक नसला की मोजण्यातला फरक मोठा दिसतो. पीस वेगवेगळ्या शिफ्टमधून, पूर्ण पसरणीतून घ्यायचे.

कंप्लेंट_डेस्क

‘कस्टमरची कंप्लेंट आली, काय कराल?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक ठिकाणी असतो आणि नव्वद टक्के उमेदवार थेट ‘फाइव्ह व्हाय करीन’ (पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण शोधीन) म्हणतात. कस्टमरची लाइन थांबलेली असताना व्हाय विचारत बसणारा माणूस कुणाला हवाय?

क्रम असा सांगा. फोटो, नग, बॅच नंबर, पार्ट नेमका कुठे सापडला. मग माल कुठे कुठे आहे ते: कस्टमरच्या लाइनवर, त्याच्या स्टोअरमध्ये, रस्त्यात गाडीत, आपल्या एफजीत (तयार मालात), लाइनवरच्या डब्ल्यूआयपीत (अर्धवट मालात). प्रत्येक ठिकाणचा आकडा काढायचा, माल अडवायचा, शंभर टक्के सॉर्टिंग, तपासलेल्या पीसवर ठरलेली खूण. एट-डीत (कंप्लेंट सोडवायच्या आठ पायऱ्यांत) हे डी-३. कारण शोधणं डी-४, त्यानंतर.

कारण दोन वाटांनी शोधा: पार्ट खराब बनला का, आणि तो आपल्याकडून बाहेर कसा गेला. दुसरी वाट बहुतेक जण विसरतात. क्रॉस होल (आडवं भोक) नसलेला पार्ट कस्टमरकडे गेला असं समजा. बनला का? ड्रिल तुटला आणि मशीनला कळलं नाही. गेला का? तासाला पाच पीसचं सॅम्पलिंग, मधले सुटले. पहिल्यासाठी ड्रिल तुटल्यावर मशीन थांबेल अशी सोय आणि टूल लाइफ काउंटर. दुसऱ्यासाठी शेवटच्या स्टेशनवर पिन असलेलं फिक्स्चर, होल नसेल तर पार्ट बसणारच नाही. मग पीएफएमईए (प्रोसेसचा एफएमईए) आणि कंट्रोल प्लॅन बदलायचे, आणि तसं होल असलेल्या बाकीच्या पार्टवरही तेच लावायचं.

‘ऑपरेटरची चूक, ट्रेनिंग दिलं’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ऑपरेटर चुकला तरी पार्ट पुढे का सरकू शकला, हा प्रश्न तसाच उरतो.

यावर तीन उलटप्रश्न हमखास. एक, पोका-योके (चूक अडवणारी सोय, इथे ते पिनचं फिक्स्चर) बिघडला तर? प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला नॉट-ओके मास्टर पीस लावून तो अडवला जातोय का ते बघायचं आणि नोंद ठेवायची. दोन, सुधारणेनंतर एफएमईएतली सिव्हिरिटी (परिणामाची गंभीरता) किती झाली? तेवढीच राहिली. मशीनवरच्या बदलाने ऑकरन्स (दोष किती वेळा होतो) कमी होतो, फिक्स्चरने डिटेक्शन (दोष पकडणं) सुधारतं. सिव्हिरिटी डिझाइन बदलल्याशिवाय सहसा बदलत नाही. तीन, आरपीएन (या तिन्ही गुणांचा गुणाकार) किती आला की ॲक्शन घ्यायची? २०१९ च्या एआयएजी–व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटना) हँडबुकमध्ये आरपीएनऐवजी ॲक्शन प्रायॉरिटी आहे: हाय, मीडियम, लो. बऱ्याच कंपन्यांत जुना आरपीएन अजून चालतो, म्हणून ‘आमच्याकडे अमुक वापरतात, नव्या पद्धतीत असं आहे’ असं सांगा. ‘शंभरच्या वर’ हे जुनं पाठांतर आता उलट अंगावर येतं.

आणखी एक आवडता प्रश्न: गाडी उभी आहे, प्रॉडक्शन मॅनेजर म्हणतो ०.०१ ने बाहेर आहे, सोडून दे. इथे शूरपणा दाखवू नका, ‘नाही म्हणजे नाही’ असंही नको. माल होल्ड करीन, किती नग आणि किती बाहेर याचा डेटा काढीन, साहेबांना कळवीन, कस्टमरचं लेखी डेव्हिएशन (मापाबाहेरचा माल घ्यायची परवानगी) आलं तर तेवढ्याच नगांना, ओळख पटेल अशी खूण करून सोडीन. तोंडी परवानगीवर नाही.

एचआर_भोसरी

‘स्वतःबद्दल सांगा’ याला दीड मिनिट पुरे. घरातली माणसं, गाव, छंद वगळा. आज काय करता तिथून सुरू करा: ‘टर्निंग लाइनवर इतक्या मशीनचं इन्स्पेक्शन बघतो, फर्स्ट पीस अप्रूव्हल माझ्याकडे, दर इतक्या तासांनी लाइनवर तपासणीची फेरी, या पार्टचा एसपीसी डेटा मी भरतो.’ मग एक सुधारणा, आधीचा आणि नंतरचा आकडा देऊन. मग शिक्षण एका वाक्यात. शेवटी ही जागा का हवी. आकडे स्वतःच्या कामाचेच द्या. ‘रिजेक्शन कमी केलं’ म्हटलं की कशावरून, कोणी मोजलं, किती महिने टिकलं, हे विचारलं जातं. टीमचं काम असेल तर त्यातला तुमचा भाग वेगळा सांगा.

अप्रेंटिसचं वर्ष लपवू नका आणि फुगवूही नका. रेझ्युमेत दोन ओळी वेगळ्या लिहा: इतक्या तारखेपासून अप्रेंटिस, इतक्यापासून कंपनी रोल. अप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१ खालच्या अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही. त्यामुळे रेझ्युमेत सरसकट दोन वर्षं नोकरी लिहिली आणि पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत एकच दिसलं की व्हेरिफिकेशनला प्रश्न उभा राहतो. अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट जवळ ठेवा. शिकलेलं काम तुमचंच आहे, ते सांगायला काही हरकत नाही.

नोकरी का सोडताय याला पगार हे एकमेव कारण देऊ नका, आणि आधीच्या साहेबांबद्दल एक शब्दही नको. ‘तिथे इन्स्पेक्शनपुरतं काम आहे, पीपॅप आणि कस्टमर ऑडिटचं काम करायचंय’ हे खरं असेल तर पुरेसं आहे. पुढचा प्रश्न पीपॅपवर येणार हे धरून चला: १८ घटक, ५ लेव्हल, वेगळं सांगितलं नसेल तर लेव्हल ३.

पगाराचा आकडा विचारला तर आधी सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) की इन-हँड ते स्पष्ट करून घ्या. उदाहरणार्थ सीटीसी ३.६ लाख, म्हणजे महिना ३०,०००. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, म्हणजे ७२१, हे त्यातच धरलेलं असतं. राहिले २७,४७९. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात साडेपंचवीस हजारांच्या आत. वार्षिक बोनस किंवा व्हेरिएबलही सीटीसीत मोजला असेल तर दरमहा आणखी कमी. म्हणून आकडा एकच न सांगता ‘इन-हँड इतके ते इतके’ सांगा, आणि खालचा आकडा मिळाला तरी जाल असाच ठेवा. नोटीस पिरियड अपॉइंटमेंट लेटर बघून सांगा. ‘लगेच येतो’ म्हणणाऱ्याच्या रिलीव्हिंग लेटरची आम्हाला काळजी वाटते.

चाकणकर_मेक

खूप आभार सगळ्यांचे. दोनच शंका. अजिबात येत नसेल तर काय म्हणायचं? आणि इंग्रजीत विचारलं तर उत्तर इंग्रजीतच द्यावं लागतं का?

सिग्मा_सहा

‘माहीत नाही, सर’ म्हणून थांबू नका. जवळचं जे येतं तिथून विचार करून दाखवा. सीएमएम (तिन्ही दिशांनी मापं घेणारं मशीन) चालवली नसेल तर ‘चालवलेली नाही, रिपोर्ट वाचतो. डेटम (मोजण्याचे संदर्भ) कसे घेतलेत आणि नॉमिनलपासून डेव्हिएशन किती ते बघतो’ असं. पण रिपोर्ट खरंच वाचत असाल तरच.

गेज_रूम

थोडा असहमत. विचार करून दाखवायचं ते ‘का’ आणि ‘कसं’च्या प्रश्नाला. स्टँडर्डमधला आकडा, क्लॉज नंबर, फिटची व्हॅल्यू असं काही विचारलं तर अंदाज ठोकू नकोस. ‘आकडा लक्षात नाही, तक्त्यात बघीन’ म्हण. अंदाजाने आकडा सांगणारा इन्स्पेक्टर रिपोर्टमध्येही अंदाजाने आकडा भरतो असं समोरच्याच्या मनात येतं, आणि ते पुसता येत नाही.

सिग्मा_सहा

हे मान्य. आकड्याला अंदाज नको.

एचआर_भोसरी

भाषेचं: सुरुवातीची दोन-तीन वाक्यं इंग्रजीत तयार ठेवा, विशेषतः स्वतःची ओळख. टेक्निकल भागात अडखळायला लागलात तर ‘हे मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगू का?’ असं सरळ विचारा. लाइनवर मराठी-हिंदीच चालते हे पॅनेललाही माहीत असतं, त्यामुळे सहसा परवानगी मिळते. पण ज्या जागेला परदेशी कस्टमरचे मेल आणि कॉल आहेत तिथे एखादा एट-डी रिपोर्ट इंग्रजीत लिहायला लावतात. त्यासाठी प्रॉब्लेमचं वर्णन चार ओळींत लिहायचा सराव करा: कोणता पार्ट, काय दोष, कुठे सापडला, कधी, किती नग.

कंप्लेंट_डेस्क

त्या चार ओळींत कारण लिहू नका. ‘ड्रिल तुटल्यामुळे होल नाही’ असं प्रॉब्लेमच्या रकान्यात लिहिलं की तपासाआधीच कारण ठरवलं असा अर्थ होतो, आणि पॅनेल तिथेच पेन्सिलने गोल करतं. ‘६ मिमी क्रॉस होल नाही, अमुक बॅच, २४० पैकी ३ नग’ एवढंच.